दोनशेच्या आत

गल्लीतल्या बायका सभागीला मीटर-मास्तरीण म्हणायच्या, आणि तिला ते नाव फार आवडायचं. नववीच्या वर्गात विज्ञानाच्या बाईंनी एकदा युनिट म्हणजे काय ते फळ्यावर समजावून सांगितलं, आणि त्या दिवसापासून ही पोरगी कुणाच्याही घरात शिरली की आधी मीटरसमोर उभी राहायची. पाणीबिणी नंतर. आठ घरांचे आकडे तिला तोंडपाठ होते. "लालां मासी, एकशे बासष्ट झालेत, महिना संपेपर्यंत इस्त्रीला हात लावायचा नाही," असं ती दारातूनच फर्मान सोडायची, आणि पन्नाशीची लालां मासी, जी नवऱ्याचंसुद्धा ऐकत नसे, ती गुपचूप इस्त्री पेटीत टाकायची.

ऐकावंच लागे. सिंधमधल्या त्या साऱ्या जेकबाबादला माहीत होतं की महिन्याचे युनिट दोनशेच्या आत राहिले तर गरिबाचा दर लागतो, आणि दोनशे एक झाले की पुढचे सहा महिने श्रीमंताचा. मीटर वाचणारा आला की बायका दारात अशा उभ्या राहायच्या, जसा काही दहावीचा निकाल घेऊन आलाय.

तर अशा या मीटर-मास्तरणीच्या स्वतःच्याच घरचा मीटर हाताबाहेर चालला होता.

गल्लीत फ्रीझर एकच होता आणि तो यांच्या घरात होता. आडवा, संदुकीसारखा, वरून झाकण उघडायचं. तिच्या थोरल्या भावाने, मिठलने, तांदळाच्या गिरणीत कोंड्याची गाडी हाकायला लागल्यावर पहिल्या वर्षीच तो जुन्या बाजारातून आणला होता. गाडीवर उताणा घालून आणला आणि वर स्वतः नवरदेवासारखा बसून आला. तेव्हापासून आठही घरांचे पाण्याचे कटोरे त्यात. प्रत्येक कटोऱ्याला आपापल्या रंगाची चिंधी बांधलेली, म्हणजे बर्फावरून भांडणं नकोत.

मिठल गेल्या जूनमध्ये गेला. वीस वर्षांचा. भर दुपारी, पारा एक्कावन्नावर असताना, बर्फाच्या कारखान्याच्या वाटेवर रेल्वे फाटकाजवळ कोसळला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, उष्मा. जेकबाबादमध्ये उष्म्याने माणूस गेला म्हणजे कुणी आणखी काही विचारत नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर अम्माने त्याच्या नावाने गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली पाणपोई घातली. मेलेल्याच्या नावाने तहानलेल्याला गार पाणी पाजलं की ते मेलेल्याला पोचतं, हे तिकडे सगळेच मानतात. अम्मा मात्र असं मानत होती जसं काही रोज त्याचा डबाच पाठवतेय. थंडीचे दोन महिने सोडले तर एक दुपार चुकली नव्हती. बाराच्या ठोक्याला फ्रीझरमधला बर्फ पोत्यात घालून ती आणि सभागी निघायच्या, त्या तीनला परत यायच्या. रिक्षावाले, हमाल, शाळेच्या सुट्टीत उन्हात उंडारणारी पोरं, सगळ्यांना ती एकच सांगायची, "मिठलचं नाव घे आणि पी."

बाबा, म्हणजे मेहराब, त्याच गिरणीत पोती शिवायचा. तो या सगळ्याविषयी एकदाच बोलला होता. वर्ष होईपर्यंत चालवा म्हणाला, पण दोनशेच्या आत. ज्या महिन्यात आकडा पुढे गेला, त्या महिन्यात हा डबा विकणार. वर सभागीकडे बघून म्हणाला होता, हिशोब तुझ्याकडे.

आणि आता वर्ष पुरं व्हायला एकोणीस दिवस उरले होते, महिन्याचं वाचन व्हायला अकरा, आणि मीटर रोज आठ युनिट खात होता.

सभागीने मांडून पाहिलं. दोन पंखे, दोन दिवे, सगळे मिळून दोनाच्या आसपास. एवढ्या उन्हात फ्रीझर बिचारा दिवसभर धापा टाकतो, त्याला चार द्या. सहा झाले. मग वरचे दोन कोण खातंय?

आधी तिने कटोऱ्यांना धरलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात पोळतो, आणि बायका तेच भरून थेट फ्रीझरमध्ये ठेवत होत्या. तिने आठही घरी जाऊन बजावलं की पाणी रात्रभर मातीच्या मडक्यात ठेवायचं, सकाळी कटोऱ्यात भरायचं, मगच आमच्या दारात यायचं. लालां मासी म्हणाली, बर्फालासुद्धा शाळेत घालतेय ही. पण अर्धा युनिट उतरला. मग तिने फ्रीझर उन्हाच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली. आणखी थोडं उतरलं. अम्माला ती रात्री जेवताना आकडे सांगत होती तेव्हा तिचे डोळे नुसते चमकत होते. बाबा भात कालवत राहिला.

तरी सव्वा युनिट कुठेतरी जातच होता. मग तिने दिवसाचे तुकडे केले आणि दर दोन तासांनी आकडा वहीत लिहिला. सकाळ बरोबर. संध्याकाळ बरोबर. रात्र बरोबर. गळती होती ती बारा ते तीनच्या मध्ये. म्हणजे घरात कुणीच नसताना.

तिने उघडउघड लालां मासीच्या इस्त्रीवर आळ घेतला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दाराला कडीबरोबर कुलूपही लावलं. किल्ली अम्माच्या ओढणीच्या टोकाला. दुसरी किल्ली मिठलकडे असायची, आणि ती त्या दिवसानंतर कुणी पाहिली नव्हती. तीन वाजता येऊन आकडा पाहिला. तसाच पुढे गेलेला.

तिसऱ्या दिवशी तिने निघताना फ्रीझरचा प्लग उपटला आणि वायर गुंडाळून झाकणावर ठेवली. तीन तास काही बिघडत नाही, बर्फ धरून राहतो. परत आली तेव्हा वायर सरळ खाली गेलेली होती आणि प्लग भिंतीत होता.

बाहेर कुलूप तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तिने झाकण उचललं. आतल्या बाजूंना बोटभर जाडीचं हिव साचलेलं असायचं, पांढरं, भुसभुशीत. त्या हिवात, उजव्या भिंतीवर, हाताचा पंजा उमटला होता. पाच बोटं. कुणीतरी बराच वेळ हात टेकून ठेवल्यासारखा तेवढाच भाग वितळून खाली पत्रा दिसत होता. मोठा हात होता, पुरुषाचा.

अम्मा मागून आली. तिने पाहिलं. सभागीला वाटलं, आता ही किंचाळेल. अम्माने ओढणी सावरली, वाकली आणि आपला हात त्या पंजात ठेवला. तिचा हात आत हरवून गेला. बराच वेळ ती तशीच होती, आणि वर आली तेव्हा तिचा चेहरा गेल्या वर्षभरात झाला नव्हता इतका मऊ झाला होता.

"येतोय तो," ती म्हणाली. "कुलूप असू दे. त्याच्याकडे किल्ली आहे."

त्या रात्री अंगणात बाजेवर सभागी टक्क जागी राहिली. भुताखेतांना ती भिणारी नव्हती. वर्गात जिन्नांच्या गोष्टी निघाल्या की हीच सगळ्यांत मोठ्याने हसायची. पण अदा, म्हणजे तिचा थोरला भाऊच, जर येत असेल, तर तो नेमका त्याच फ्रीझरपाशी का येतोय, हे जगात एकटीला माहीत होतं. तिला.

गेल्या वर्षी त्या दिवशी मीटर एकशे सत्त्याण्णववर होता आणि वाचणारा दुसऱ्या दिवशी यायचा होता. बाबा रोज संध्याकाळी विचारायचा, किती झाले? आणि बरोबर आकडा सांगितला की मान हलवायचा. ती मान हलवणं तिला हवं होतं. म्हणून सकाळी, बर्फ वाटून कटोऱ्यांत नवं पाणी भरल्यावर, कुणाला न सांगता तिने फ्रीझरचा प्लग काढला. एकाच दिवसाचा तर प्रश्न होता. अम्मा मामाकडे गेली होती. दुपारी मिठल अचानक घरी आला. सभागी बाजेवर पडली होती, जागी. त्याने झाकण उचलल्याचा आवाज तिने ऐकला आणि आता बोलणी बसणार म्हणून तोंड भिंतीकडे केलं आणि झोपेचं सोंग घेतलं. तो थोडा वेळ होता. मग गेला. मग तासाभराने लोक त्याला उचलूनच घेऊन आले.

त्या गडबडीत कधीतरी तिने प्लग परत लावला. लोक म्हणाले, वीज गेली असेल, बर्फ नसेल. ती गप्प राहिली. आणि मीटर वाचणारा चार दिवस उशिरा आला, तोवर आकडा दोनशे पंचवीस झाला होता. म्हणजे तेही वाचलं नाही.

सकाळी तिने अम्माला सांगितलं की डोकं फुटतंय, आज उन्हात येववत नाही. अम्माने कपाळाला हात लावून पाहिला, कांद्याचा रस चोळायला सांगितला आणि म्हणाली, नीज, मी बाहेरून कुलूप लावून जाते. कुलूप लागल्याचा आवाज आला, पोतं घासत नेल्याचा आवाज दूर गेला, आणि मग काही नाही.

जेकबाबादची भर दुपार ही रात्रीपेक्षा वाईट. रात्री निदान कुत्री भुंकतात. दुपारी कावळेसुद्धा चोच वासून गप्प बसतात, रस्ता पांढरा होतो, आणि माणूस दिसलाच तर त्याच्या पायांखाली सावली नसते. सभागी गेल्या वर्षीच्याच बाजेवर, तशीच, भिंतीकडे तोंड करून पडली. फ्रीझर घरघरत होता. मध्येच थांबायचा, अंग झटकल्यासारखा थरथरायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तिने मनात आकडे मोजायला घेतले. साडेसातशेपर्यंत गेली असेल.

कुलपात किल्ली फिरली.

ती हलली नाही. दार हळू उघडलं, हळू लोटलं गेलं. चपला दारातच काढल्या गेल्या. अनवाणी पावलं तिच्या पाठीमागून गेली, कोपऱ्यातल्या बाजेकडे न वळता सरळ पलीकडे. मग झाकणाचं रबर सुटल्याचा तो चिकट आवाज. थोड्या वेळाने तिच्या पायांना गारवा लागला. एवढ्या भट्टीत, मागून, जमिनीवरून सरपटत आलेला गारवा. आणि त्याबरोबर कुणीतरी पुटपुटत होतं, अगदी खाली, आपल्या माणसाशी बोलतात तसं.

तिने वळून पाहिलं.

फ्रीझरमधून वाफ उठत होती आणि त्या वाफेत एक माणूस खांद्यांपर्यंत आत वाकला होता. डोक्यावर ओला अज्रक, सिंधी छापाचा शेला. गडद निळा, लाल नक्षीचा, एका टोकाला विडीने जळालेलं भोक. तो मिठलचा होता. तो पेटीत तळाशी ठेवलेला होता, तिने स्वतः ठेवला होता.

ती बाजेवर उठून बसली.

"अदा," ती म्हणाली, "प्लग मी काढला होता. वीज होती. मी काढला होता, आणि तू आलास तेव्हा मी जागी होते."

तो माणूस ताठ झाला. अज्रक डोक्यावरून सरकून आत पडला. तो वळला तेव्हा त्याच्या दाढीला हिव लागलं होतं, आणि तो बाबा होता.

झाकण उघडंच होतं. सभागीला वाटलं, आता हा मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"किती होता?" बाबाने विचारलं.

"एकशे सत्त्याण्णव."

त्याने मान हलवली. नेहमीसारखीच. मग जणू तेच त्याच्या लक्षात आलं, आणि तो फ्रीझरच्या कडेला धरून खाली बसला.

तो तुटक तुटक बोलला. गिरणीला उन्हाळ्यात दुपारी दोन तास सुट्टी असते. घरी तो सांगायचा की तिथेच पोत्यांवर पडतो. पडवत नव्हतं. मिठलच्या सदऱ्याच्या खिशातली किल्ली त्याने त्याच दिवशी काढून घेतली होती, अज्रकही मागाहून पेटीतून. रोज येतो, बाहेर कुणी नसताना. आधी नुसता झाकण उघडून बघायचा. मग बोलायला लागला. इथे गार आहे, म्हणाला. तो जिथे असेल तिथे गार असेल असं वाटतं. काल प्लग काढलेला पाहिला तर जीव कसा झाला होता, ते त्याला सांगता येईना.

"त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाणी मागितलं होतं," बाबा म्हणाला. "मुकादमाच्या कूलरचं. मी म्हटलं, हमालांनी त्याला हात लावायचा नसतो. घरी जा म्हटलं, घरी फ्रीझर आहे, बिल कशासाठी भरतो मी?"

मग तो उठला, तोंड पुसलं आणि झाकण लावलं. तुझ्या आईला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, एवढंच म्हणाला, आणि चपला घालून दारात उभा राहिला. सोबत येतोय की नाही ते त्याने सांगितलं नाही, पण ती बाहेर पडली तेव्हा मागे त्याची पावलं होती.

कडुनिंबाखाली अम्मा सळईने बर्फ फोडत होती. समोर एक रिक्षावाला आणि गाढवाच्या गाडीवरचे दोघं. सभागीने ते पाणी पिऊन जाईपर्यंत वाट पाहिली. मग तिने सांगितलं. बाईंना प्रश्नाचं उत्तर देतात तसं, उभं राहून, हात सरळ ठेवून, सगळं. प्लग, आकडा, झोपेचं सोंग. आणि रोज येतो तो अदा नाही, बाबा आहे, हेही सांगितलं.

अम्माची सळई थांबली नाही. ती फोडतच राहिली, बर्फाचा चुरा झाला तरी फोडत राहिली, चुऱ्याचं पाणी झालं आणि पोत्यातून वाहून धुळीत गेलं. बाबा निंबाच्या बुंध्याला टेकून खाली बघत होता. एक म्हातारा हमाल आला, त्याने पेला पुढे केला, आणि अम्मा त्याला पाणी द्यायचं विसरली. सभागीनेच दिलं. मिठलचं नाव घे असंही तीच म्हणाली.

तो गेल्यावर अम्माने तोंड उघडलं. आवाज अगदी साधा होता.

"तू जागी होतीस," ती म्हणाली. "मग तो काय बोलला, ते तू ऐकलंस."

हे सभागीने कुणालाच सांगितलं नव्हतं. मघाशी बाबालाही नाही. प्लगपेक्षाही हे तिने खोल पुरलं होतं.

"त्याने कटोऱ्यात हात घातला," ती म्हणाली. "पाणी कोमट होतं. मग तो हसला. म्हणाला, मिठल मियां, आंघोळ करा यात." तिने रिकामा पेला खाली ठेवला. "मग माझ्याजवळ आला. मला हाक मारणार होता, मारली नाही. म्हणाला, झोप, अदी. बर्फ घेऊन येतो, उठलीस की प्यायला गार थादल करू."

अम्माने तिच्याकडे पाहिलं. वर्षभर हिला लोकांनी सांगितलं होतं तो कसा पडला, कुठे पडला, किती वाजता. कसा होता ते कुणी सांगितलं नव्हतं.

"हसला?"

"हसला."

"कसा?"

सभागीला तसं हसता येईना. तिने प्रयत्न केला. अम्माने डोळे मिटून ऐकलं.

त्या महिन्यात आकडा दोनशे चौदावर गेला. सभागीने तो सगळ्या गल्लीसमोर मोठ्याने वाचला, आणि लालां मासी एकदाच, फक्त एकदाच, काही बोलली नाही. बाबाने बिल घडी करून खिशात ठेवलं आणि गिरणीत रात्रीची पाळी मागून घेतली. फ्रीझर विकायचं नाव कुणी काढलं नाही. दुपारी बाबा आता पाणपोईवर येतो, निंबाखाली बसतो, फारसं बोलत नाही.

आणि अम्मा सभागीशी अजून पहिल्यासारखी बोलत नाही. वाढते, वेणी घालते, पण नजर चुकवते. फक्त पाणपोईवर, उन्हाने रस्ता ओस पडला की, ती पेले उपडे घालते, ओढणीने हात पुसते आणि जवळ सरकून बसते.

"सांग," म्हणते. "दारातून आत आला तिथपासून सांग."